नवधातू चूर्ण आणि आमची गंगू

दिलसुखनगर, हैदराबाद
नोव्हेंबर १९९५

तीर्थस्वरूप केशवकाका आणि सौ. काकू यांच्या पायांशी (काकांच्या सुजलेल्या गुडघ्यापासून जरा अंतर राखून) शैलाचा वाकून नमस्कार.

पत्र हाती पडेल तेव्हा तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. काकांनी गुडघ्याला चोळायचं तेल पोटात घ्यायला सुरुवात केली आहे, असं उदगीरला दिलेल्या आमच्या वन्सं सांगत होत्या. तसं करू नका. बाटलीवर काय लिहिलंय ते काकूंकडून वाचून घ्या, आणि काकूंचा मोतीबिंदू अजून पिकायचा असेल तर शेजारच्यांकडून. तूर यंदा बरी आहे असं ऐकलं. इकडे सर्व क्षेम आहे. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं की पत्रात आधी ‘सर्व क्षेम’ लिहायचं आणि मग जे झालं असेल ते लिहायचं, म्हणून तसंच करते.

झालेली हकिकत वन्संनी तुमच्यापर्यंत पोचवली असेलच. त्यांच्या सांगण्यात मी स्वतःच्या सासऱ्यांवर विषप्रयोगाचा आळ घेतला आणि चालता धंदा बुडवला, असं आहे म्हणे. धंदा चालत नव्हता, चालायच्या बेतात होता, एवढी दुरुस्ती करून मी पहिल्यापासून सांगते. माझी नोकरी खनिजं तपासायच्या प्रयोगशाळेत. तिथे कोणी दगड आणून दिला तरी आम्ही आधी तो कुठला हे विचारतो, मग फोडतो.

तर आधी मामंजी. आमच्या लग्नात तुम्ही त्यांना पाहिलंय. मांडवाचे बांबू हलवून बघत होते ते. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवे मोजले आणि सरकारने देश खुला केला त्याच सुमाराला निवृत्त झाले. हा योगायोग त्यांनी मनावर घेतला. देशाचे दरवाजे खास एकनाथरावांना बाहेर पडता यावं म्हणून उघडले आहेत, अशी त्यांची समजूत झाली. पहिल्याच वर्षी व्हरांड्यात एसटीडी बूथ निघाला (त्यावरून सर्वात जास्त फोन आम्हीच केले, आणि तेही वन्संना). मग न्हाणीघरात अळिंबी लावली. अळिंबीला अंधार आणि ओल लागते, म्हणून आमच्या आंघोळी शेजारच्या नरसिंहम मास्टरगारूंकडे व्हायला लागल्या. मास्टरगारू रिटायर्ड हेडमास्तर, भला माणूस. पण आंघोळीला आलेल्या माणसालाही ते पाढे विचारतात. शेवटी सासूबाईंनी अळिंबीची भाजी करून प्रश्न सोडवला.

सासूबाईंचं सगळं जग म्हणजे गंगू. गंगू ही म्हैस. दिलसुखनगरात पूर्वी घरोघरी जनावर असायचं, आता आमच्या मागच्या अंगणात एवढी एकच उरलीय. एका भिंतीपलीकडे इंजिनियरिंगचे क्लास, दुसऱ्या भिंतीपलीकडे कॉम्प्युटरचे. मधोमध गंगू रवंथ करत उभी. कॉलनीतली सात-आठ घरं तिचं दूध घेतात, आणि त्या घरांत सासूबाईंना जो मान आहे तो मामंजींना निवृत्तीआधीही नव्हता. लग्न ठरवायचं असो की भाडेकरू काढायचा असो, दूध घालताना दारात उभ्या उभ्या सासूबाईंचा सल्ला घेतला जातो. दुधात पाणी नाही म्हणून शब्दातही नसणार, असा लोकांचा हिशेब.

यंदा श्रावणात मामंजींनी कुठल्याशा पेपरात एक लेख वाचला. शहरातल्या जनावरांना कडबा आणि पेंड एवढंच मिळतं, त्यात खनिजं कमी पडतात. उलट रानातल्या झाडपाल्यात लोह, जस्त, तांबं, चुना भरपूर असतो, असं त्यात होतं. लेख बरोबर होता, हे मी आधीच सांगून टाकते. टाकळा, कुर्डू, घोळ, केना, माठ, आघाडा यांना आपण तण म्हणून उपटून टाकतो, पण यातल्या काहींत चांगली खनिजं असतात आणि जनावराला त्यांचा उपयोग होतो. मामंजींनी एवढं वाचलं आणि पेपर खाली ठेवला. लेखाचा उरलेला अर्धा भाग पुढच्या पानावर होता. त्या पानावर सासूबाईंनी डाळ निवडायला घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी स्कूटरवर पोतं टाकून पहाटे निघायचे. हैदराबादच्या भोवती पडीक जमीन पुष्कळ, आणि कुंपण घालून प्लॉट पाडायच्या आधी तिच्यावर पावसाळाभर काय हवं ते उगवतं. परत यायचे तेव्हा स्कूटर दिसायची नाही, फक्त हिरवा ढीग हॉर्न वाजवत गल्लीत शिरताना दिसायचा. पाला गच्चीवर वाळायचा (सासूबाईंनी ऊन दाखवायला काढलेल्या कुरडयांशेजारी, यंदा कुरडयांना टाकळ्याचा वास लागला तो लागलाच). वाळला की गिरणीत दळायचा. गिरणीवाल्याने त्यावरच मास्टरगारूंचं तिखट कांडलं, आणि मास्टरगारूंच्या घरी आठवडाभर हिरवट, कडू सांबार झालं. त्यांनी ते काही आयुर्वेदिक असावं असं समजून गोड मानून खाल्लं.

चूर्ण विकणार कोण, तर बेगम बाजारातले हाशमभाई. त्यांचं वनस्पतींच्या मुळ्या, साली, बिया यांचं ठोक दुकान आहे आणि मामंजींची त्यांची ओळख जुनी. हाशमभाईंनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली आणि म्हणाले, “एकनाथ साब, माल तो अच्छा दिखरा. मगर कागज होना. आजकल कागज के बगैर कोई नमक भी नहीं लेरा.”

कागद म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला. आणि प्रयोगशाळेत सून. इथे माझा प्रवेश.

आमच्या प्रयोगशाळेला त्याच सुमारास वरून हुकूम आला होता की यापुढे सरकार पगारापुरतंच देणार, बाकीचं तुम्ही बाजारातून मिळवा. आमचे संचालक त्या धास्तीने येईल त्याला ‘आमच्याकडे तपासायला काही आहे का’ असं विचारत होते. एकदा तर त्यांनी चहावाल्याला विचारलं. तेव्हा मामंजी रीतसर पावती फाडून गिऱ्हाईक म्हणून आले, त्याचा त्यांना आनंदच झाला. मामंजींनी चार पुड्या दिल्या. त्यांच्यावर अ, आ, इ, ई असं लिहिलेलं. कोणती पुडी कुठल्या जागेची, ते सांगायला त्यांनी साफ नकार दिला. ‘कंपनीचं गुपित’ म्हणाले. मी म्हटलं, दाखला मिळेपर्यंत हे कुठल्याही जनावराला घालायचं नाही. त्यांनी मान हलवली. मामंजी मान हलवतात तेव्हा ती हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊनही कळलेलं नाही.

तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगते. पाला भट्टीत जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवायची, आणि ते पाणी ज्वालेत फवारायचं. प्रत्येक धातू ज्वालेत आपापली ठरावीक प्रकाशरेषा शोषून घेतो, तेवढ्यावरून तो किती आहे ते यंत्र सांगतं. अ, आ, इ या तिन्ही पुड्या उत्तम निघाल्या. चुना, लोह, जस्त, मँगनीज, सगळं मला वाटलं त्याहून चांगलं. मनातल्या मनात मी मामंजींची माफीही मागून टाकली. मग ‘ई’ लावली आणि यंत्राचा काटा शिशाला असा चढला की मला वाटलं काचसामान धुतलेलं नाही. धुतलं. पुन्हा राख केली. पुन्हा तेच. शिसं नुसतं भरमसाट, आणि त्याच्या मागोमाग कॅडमियम. ही दोन्ही जनावराच्या काहीही उपयोगाची नाहीत. अंगात शिरली की हाडात, मूत्रपिंडात घर करतात आणि लवकर निघत नाहीत.

घरी जेवताना सांगितलं. मामंजींनी घास खाली ठेवला.

“म्हणजे एकूण धातू किती झाले?”

“मामंजी, शिसं विषारी असतं.”

“ते झालं गं. पण किती झाले?”

सातांची त्यांची अपेक्षा होती, नऊ भरले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना, पण बोलले. त्यावर त्यांनी जो युक्तिवाद केला तो असा: शिसपेन्सिल चावत चावत आपण सगळे मोठे झालो, कुणाला काय झालं? (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हे मी सांगितलं. त्यावर, मग तिला शिसपेन्सिल का म्हणतात, असं त्यांनी विचारलं.) लोखंड चालतं, तांबं चालतं, मग एकट्या शिशालाच पंगतीबाहेर बसवायचं हा कुठला न्याय? आणि तू त्यांना जड धातू म्हणतेस, तर आपलं गिऱ्हाईकही म्हैसच आहे, कबूतर नाही. माझे यजमान प्रकाश यांनी दोन्ही बाजू ऐकून घेऊन ताक मागितलं.

पुढच्या आठवड्यात लेबलं छापून आली. ‘एकनाथ नवधातू वनचारा चूर्ण. शिसे व कॅडमियमयुक्त. जनावर भारी, दूध भारी.’ मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत. अक्षरजुळणी प्रकाश यांनी बँकेतल्या नव्या कॉम्प्युटरवर केली होती. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? तर म्हणाले, “मी मजकुरात पडत नाही, मी फक्त अक्षर किती मोठं ते बघितलं.” नामपल्लीच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात गाळा घ्यायचाही बेत ठरला. मी दाखल्यावर सही करायला नकार दिला आणि मामंजींनी माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे ते माझ्यासमोर भिंतीशी बोलायचे. ‘काही लोकांना घरचा उद्योग बघवत नाही,’ असं भिंतीला सांगायचे.

आणि त्याच दिवसांत गंगूही भिंतीला लागली. हे मी विनोदाने लिहीत नाही. सासूबाईंना ती सकाळी मागच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी दिसली. हाक मारली तरी वळेना. दात करकर वाजवत होती, पेंड समोर तशीच पडलेली. सासूबाईंनी दृष्ट काढली. क्लासच्या पोरांची नजर लागली म्हणाल्या, दिवसभर खिडकीतून बघत असतात. दुपारी मी घरी आले, तेव्हा गंगू दावणीपासून वळताना खांबावर आपटली. तिला खांब दिसला नव्हता. डोळे उघडे होते, पण त्यांत काही उमटत नव्हतं.

मी मामंजींना विचारलं, “हिला चूर्ण घालताय का?”

ते भिंतीशीही बोलले नाहीत.

“मामंजी, कुठली पुडी?”

“ई,” ते म्हणाले, “घरच्या जनावराला उत्तम तेच घालावं.”

सासूबाईंना ‘कोंडा आहे’ असं सांगून ते रोज पहाटे, त्या उठायच्या आत, गंगूच्या आंबोणात ते मिसळत होते. अंदाजे दीड महिना. ‘ई’च का, तर तो पाला सर्वांत तजेलदार होता, हिरवागार, टवटवीत, आणि गंगूला आवडायचा. मी म्हटलं, ती जागा मला आत्ता दाखवा. गुपिताचं नाव न काढता त्यांनी स्कूटर काढली.

जागा मुशी नदीच्या अंगाला, एका नाल्याच्या काठी. नाल्याच्या पाण्यावर माठ आणि घोळ खरोखर गुडघाभर माजला होता. अशी पालेभाजी मंडईत दिसली असती तर मीही जुडी घेतली असती. वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहिलं की काही दिसत नव्हतं, पण दहा पावलं वर चढलं की बिनपाटीची पत्र्याची शेड. तिथे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवत होते. धूर सरळ खाली पाल्यावर येत होता. मी एक पान तोडलं आणि बोटाने पुसलं. बोट राखाडी झालं. मामंजींनी दुसरं पान तोडलं, तिसरं तोडलं, आपल्या धोतराला पुसून पाहिलं. धोतरावर प्रत्येक वेळी तसाच पट्टा उठत गेला. मग ते येऊन स्कूटरच्या सीटवर आडवे बसले.

“शर्वरी किती दूध पिते गं?”

नातीचा पेला रोज सकाळी तेच भरतात. साय काढून, फुंकर घालून. मी म्हटलं, “तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तरी तू सांग.”

परत येताना त्यांनी स्कूटर चालवायला नको म्हटलं, म्हणून मी चालवली. लायसन्स माझ्याकडे नाही. मलकपेटच्या चौकात पोलिसाने हात केला, पण मागे बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्याने तसंच पुढे जाऊ दिलं. दवाखान्यात निघालो आहोत असं त्याला वाटलं असावं.

यापुढचं भरभर सांगते. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गंगूला जुलाबाचं मीठ पाजलं, सलाइनमधून औषध दिलं आणि निदान पक्कं केलं. सासूबाईंना सगळं कळलं. त्या मामंजींना एक शब्द बोलल्या नाहीत. (काका, ओरडल्या असत्या तर घर इतकं अवघड झालं नसतं.) दूध मी प्रयोगशाळेत तपासलं. त्यातही शिसं उतरलं होतं. थोडंच, पण होतं. शर्वरीला मोठ्या इस्पितळात नेलं. तिचं रक्त काढताना मी तिचा हात धरला होता आणि सुई किती जाडीची आहे ते बघत होते. दुसरीकडे कुठे बघायचं नव्हतं. शर्वरी रडली नाही. गंगूलाही असंच टोचलं का, आणि ती रडली का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. रिपोर्ट आला. शिसं होतं, काळजीच्या रेषेच्या जरा अलीकडे. डॉक्टर म्हणाले, दूध बंद करा, महिन्याने पुन्हा रक्त तपासू. उतरत असेल तर प्रश्न नाही. उतरत नसेल तर काय, ते मी विचारलं नाही. विचारणं हा माझा व्यवसाय आहे, तरीही.

राहिली कॉलनी. दूध बंद का, त्याला ‘म्हैस आटली’ हे उत्तर सगळ्यांत सोपं होतं, आणि प्रकाश यांनी ते सुचवलंही. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाल्या. त्यांचं तेलुगू चांगलं आहे. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं, की आमच्या म्हशीच्या खाण्यात शिसं गेलं, ते दुधात आलं, तुमच्या पोरांना डॉक्टरकडे दाखवून आणा, खर्च आम्ही देतो. मामंजी न बोलावता त्यांच्या मागून गेले आणि प्रत्येक दारात दोन पावलं मागे, हात जोडून उभे राहिले. दोन घरांनी दार आपटलं. एका बाईंनी सासूबाईंना नको नको ते ऐकवलं, तेव्हा मामंजी पुढे झाले आणि म्हणाले, “अम्मा, चूक माझी, शिव्या मला.” त्यावर बाईंनी त्यांनाही दिल्या. मास्टरगारूंनी सगळं शांतपणे ऐकलं, मग विचारलं की त्या कडू सांबारातही हेच होतं का. तो पाला ‘आ’ पुडीतला होता, निर्धोक. मी तसं सांगितल्यावर ते जरा हिरमुसले. अलीकडे त्यांना जे विसरायला होतं त्याला कारण मिळालं असं त्यांना वाटलं होतं.

हाशमभाईंना सांगायला मामंजी एकटे गेले. वाटलं होतं की हाशमभाई म्हणतील, ‘ई’ टाकून द्या आणि बाकीचं विकू. बाकीचं विकायला खरंच हरकतही नव्हती. पण ते म्हणाले, “आदमी का माल होता तो आदमी पूछ लेता, क्या खिलारे बोलके. भैंस बिचारी किसकू पूछेगी? नक्को साब.” आणि मामंजींना चहा पाजून परत पाठवलं. लेबलांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर शर्वरी चित्रं काढते.

शेडबद्दल मी संबंधित कचेरीत अर्ज दिला. तपासणीला माणसं गेली, तोवर शेड उचलून नेली होती. आता ती कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. जिथे असेल तिथेही आसपास काहीतरी हिरवं उगवत असेल.

गंगू वाचली. तिला आता खांब दिसतो, पेंड खाते, सासूबाईंच्या हाकेला कान हलवते. दूध मात्र निदान सहा महिने कोणाच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. विकावी तर घेणारा ते दूध विकणार, म्हणून सासूबाई विकायला तयार नाहीत. आम्ही सध्या पिशवीचं दूध घेतो. सासूबाई त्याचा चहा पितात, पण कपात बघत नाहीत.

तर अशी हकिकत. काकूंनी डोळ्यांना जपावं, काकांनी तेल बाहेरूनच लावावं. थोरांना नमस्कार, लहानांना पापा, आणि वन्संना खरं काय ते सांगितलंत तर उपकार होतील.

तुमची,
शैला

ता. क. डॉक्टरांनी असंही सांगितलं आहे की गंगूला शहराबाहेर, स्वच्छ जागी, मोकळ्या चाऱ्यावर ठेवावं. तुमच्या माळाजवळून मोठा रस्ता जात नाही, आणि कारखाना म्हणजे गुळाचं गुऱ्हाळ तेवढं. पावसाळ्यापर्यंत तिला तुमच्याकडे ठेवाल का? नाही म्हणायचं असेल तर बिनसंकोच नाही म्हणा, राग येणार नाही. उत्तर उलट टपाली कळवावं.

दुसरी ता. क. उलट टपाली कळवायची गरज नाही. सिमेंट पोचवून रिकामा परत चाललेला एक ट्रक मिळाला. गंगू उद्या सकाळी निघते. नाही म्हणायचं असेल तर ट्रकवाल्याला सांगा, पण तो परत नेणार नाही असं म्हणाला आहे.

तिसरी ता. क. गंगूबरोबर मामंजीही येत आहेत. तिची शुश्रूषा मी करणार, असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि सासूबाई बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी बोलल्या: “स्वेटर न्या.” त्यांना मागच्या खोलीत झोपवा, पहाटे चहा लागतो. बांधावरच्या टाकळ्याकडे फार वेळ बघत राहिले तर काहीतरी काम सांगा. गंगूला मोकळी सोडली तरी चालेल.

चौथी ता. क. पत्र टपालाने आठवडा घेईल, म्हणून मामंजींच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलं आहे, पण ट्रकचा प्रवास मोठा आणि मामंजींना वाटेत वाचायला काही लागतं. तेव्हा मामंजी, हा मजकूर तुमच्यासाठी. शर्वरीचा दुसरा रिपोर्ट आज दुपारी आला. निम्म्याहून खाली उतरलंय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा आणायची गरज नाही. तुम्ही मला विचारलं नसतं, आणि समोर सांगितलं असतं तर तुम्ही भिंतीकडे बघितलं असतं, म्हणून इथे लिहिते. आता पाकीट नीट चिकटवा आणि काकांना द्या. ब्लडप्रेशरची गोळी जेवणानंतर.